पाळीची रजा: कायदा हवा, पण पगार कोणी द्यायचा?

खिडकीपाशी: काल घरी या विषयावर चांगलीच वाजली म्हणून धागा काढतेय. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यसभेत मनोज झांनी पाळीच्या पगारी रजेबद्दल विचारलं तेव्हा त्यावेळच्या महिला व बालविकास मंत्री स्मृती इराणींचं उत्तर होतं की पाळी म्हणजे अपंगत्व नाही, बाईच्या आयुष्याचा नैसर्गिक भाग आहे. मान्य. पण सर्दीतापही अपंगत्व नाही, त्याला सिक लीव्ह मिळतेच ना? खासदार निनाँग एरिंग यांचं याच रजेसाठीचं २०१७ चं खासगी विधेयक तसंच पडून राहिलं. आणि बिहार, ज्याला आपण येताजाता नावं ठेवतो, तिथे सरकारी नोकरीत १९९२ पासून महिन्याला दोन दिवस रजा आहे. २०२५ मध्ये कर्नाटकने खासगी कंपन्यांनाही वर्षाला १२ दिवस लावले. महाराष्ट्राने का करू नये?

भोसरीकर: ताई, राग मानू नका पण हे सगळं पगार घेणाऱ्याच्या बाजूने बोलणं झालं. माझ्याकडे १४ माणसं, पॅकिंगला सहा बायका. २०१७ ला संसदेने बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ केली, टाळ्या वाजल्या, बिल कोणाच्या नावावर फाटलं? आमच्या. आता वर हे. उद्या मी पॅकिंगला पोरंच घेतली तर मलाच जुनाट विचारांचा म्हणाल.

खिडकीपाशी: @भोसरीकर तुमच्या पॅकिंगवाल्यांचा पगार २१ हजारांच्या आत असेल तर बाळंतपणाच्या रजेचे पैसे ईएसआयसी, म्हणजे सरकारचं कामगार विमा महामंडळ देतं, तुम्ही नाही. तुम्ही फक्त महिन्याची वर्गणी भरता, ती तशीही भरताच.

भोसरीकर: ते मला माहितीये हो. अकाउंट्सच्या मॅडमचा पगार २१ च्या वर, त्यांचे २६ आठवडे माझ्या खिशातून गेले, वर बदली माणूस ठेवला त्याचा पगार वेगळा आणि त्याने जीएसटीचा जो घोळ घातला तो निस्तरायला दोन महिने. मॅडम परत आल्या, चांगल्या आहेत कामाला, तक्रार नाही. हिशोब सांगतोय.

एचआरवाली: मी बाई असून विरोधात, आता घाला शिव्या. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्ट हेच म्हणालं, की रजा सक्तीची केली तर बायकांना नोकरीवर घ्यायलाच लोक टाळतील, सरकारने सगळ्यांशी बोलून धोरण ठरवावं. आमच्याकडे इंटरव्ह्यू झाल्यावर "लग्न होऊन किती झाली" हे मला बाजूला घेऊन विचारतात, कागदावर कुठे दिसणार नाही. त्यात महिन्याच्या महिन्याला ही रजा टाकायची म्हणजे टीममधल्या बारा पुरुषांना आपली तारीख कळवायची. मला नको बाई. त्यापेक्षा संडासात पाणी आणि त्या दिवशी घरून काम करू द्या, न विचारता.

फडावरची: तुमचं सगळं एसीतलं चाललंय म्हणून लिहिते. मी बीडची, आईबाप ऊस तोडायचे. तिथं एक दिवस खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, उचल म्हणजे आगाऊ पैसे तर आधीच घेतलेले, राहायच्या कोपीत संडास नाही, न्हाणी नाही. मग बाया काय करतात? गर्भाची पिशवी काढून टाकतात. २०१९ ला गाजलं होतं, नीलम गोऱ्हेंची समिती बसली, जिल्ह्यात ८२ हजारांवर बायांची पाहणी झाली त्यात १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. पस्तिशीच्या आतल्यासुद्धा. पाळीची रजा मिळत नाही म्हणून पाळीच बंद केली, आणि तुम्ही इथं तारीख कळण्याची लाज धरून बसलाय.

एचआरवाली: @फडावरची हे वाचून गप्प झाले. पण कायदा झाला तरी तो माझ्या ऑफिसात येईल, तुमच्या फडावर नाही, हे पण खरंय ना?

जुनीपानं: पैशाचा मुद्दा नवा नाही. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल आलं तेव्हाही खर्च मालकावर का, हीच ओरड होती. आंबेडकर बिलाच्या बाजूने बोलले. आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा हे त्यांनी कबूल केलं, पण मालकाचीही जबाबदारी सुटत नाही हे पण सांगितलं. १९२९ ला कायदा झाला. भोसरीकरांची अर्धी बाजू तिथेच मांडलेली आहे, फक्त आंबेडकरांचा निष्कर्ष उलटा आहे, कायदा नको असा नाही, हवाच असा. स्पेनने २०२३ ला हेच केलं, डॉक्टरची चिठ्ठी आणली की रजा, पैसे सरकारी सुरक्षा फंडातून, मालकाकडून नाही.

भोसरीकर: फंडातून येणार असतील तर माझी ना नाही. लेखी देतो.

खिडकीपाशी: चला, एक मत फिरलं 😄 मग मागणीच अशी करू, रजा ईएसआयसीतून आणि २१ हजारांची मर्यादा काढा.

फडावरची: करा की. पण आमच्याकडं नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे एकच मजूर धरतात, उचल नवऱ्याच्या हातात पडते आणि मुकादमाच्या वहीत नावही त्याचंच. फंडात क्लेम कोणत्या नावानं भरायचा तेवढं सांगा.