२ ते ४ ची अट काढा
ईमेल पत्ता बरोबर लिहिलाय का हे तपासायला जो रेजेक्स (मजकूर ठरावीक साच्यात बसतो का हे बघणारं सूत्र) अनेकदा दिला जातो, त्यात शेवटच्या टिंबानंतर २ ते ४ अक्षरांची अट असते, घोळ तिथेच आहे. डॉट म्युझियम, डॉट फोटोग्राफी असे खरे पत्ते सरळ बाद होतील. देवनागरीतलं डॉट भारत तर २०१४ पासून आहे, त्यामुळे नुसतं ए ते झेड धरूनही भागत नाही. ॲटच्या (@) आधी अधिक चिन्हही (+) चालतं. माझा तसला पत्ता एका साइटने 'अवैध' म्हणून परत केला होता!

मी एवढंच बघतो: ॲटच्या दोन्ही बाजूंना काहीतरी आहे, मध्ये स्पेस नाही, लांबी २५४ पेक्षा जास्त नाही. आणि आधी ट्रिम करा, म्हणजे पुढच्या-मागच्या स्पेस काढून टाका; मोबाइलचा कीबोर्ड हळूच शेवटी स्पेस टाकतो. जीमेल (gmail) लिहिताना a आणि i उलटे पडले, तर कुठलाच रेजेक्स ओरडणार नाही. तिथे पडताळणीची लिंक पाठवणंच आलं.