कंपनीच्या रिमवर मोठे टायर: उंची वाढवा, रुंदी नको

रानवाट

गाडी कच्च्या वाटेवर न्यायची म्हटली की पहिला सल्ला मिळतो तो रुंद रिम आणि रुंद टायरचा. माझं मत उलट आहे. कंपनीची रिम तशीच ठेवावी, तिला जो टायर मान्य आहे त्याच्या आतच राहावं आणि वाढवायची तर फक्त उंची वाढवावी.

सस्पेन्शन उचललं की बॉडी वर जाते, पण सॉलिड अ‍ॅक्सलच्या, म्हणजे दोन्ही चाकं एकाच कडक दांड्याने जोडलेल्या, गाडीत डिफरन्शियलचा गोळा (मधली गिअरची पेटी) होता तिथेच राहतो. दगड आधी त्यालाच लागतो. पोर्टल अ‍ॅक्सलसारखा (चाकाजवळ गिअर लावून दांडा वर नेणारा) मोठा खटाटोप सोडला तर त्याला वर उचलणारी गोष्ट एकच, टायरची त्रिज्या.

उदाहरण म्हणून १६ इंची, ७ इंच रुंदीची रिम घेऊ, तिच्यावर कंपनीचा २४५/७० आर१६ (रुंदी २४५ मिमी, साइडवॉल म्हणजे टायरची बाजूची भिंत रुंदीच्या ७० टक्के उंच, रिम १६ इंची). या टायरचा व्यास येतो ७४९ मिमी. एक पायरी वर २४५/७५ घेतला तर ७७४. २६५/७५ घेतला तर ८०४. म्हणजे गोळ्याखाली अनुक्रमे सुमारे १२ आणि २७ मिमी जास्त जागा.

रिम का बदलू नये? कंपनीची रिम त्या गाडीचं वजन, ब्रेक आणि बेअरिंग धरून तपासलेली असते. बाहेरची रिम घेताना लोक डिझाइन बघतात; भारक्षमतेचा आकडा किंवा जेडब्ल्यूएलसारखी (रिमच्या मजबुतीच्या जपानी मानकाची) खूण आहे का, हे फार थोडे बघतात. शिवाय तिचा ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचं अंतर) कमी असला की चाक बाहेर सरकतं, बेअरिंगवर आणि स्टिअरिंगच्या सांध्यांवर ताण वाढतो, आणि खड्ड्यातला प्रत्येक झटका हातात येतो.

विरोधी मतं जरूर मांडा.

सडकसूत्र

असहमत. २७ मिमी म्हणजे अंगठ्याच्या रुंदीहून थोडंसं जास्त. त्यासाठी काय काय द्यावं लागतं ते पूर्ण मांडायला हवं.

व्यास ७.३ टक्के वाढला की सगळे गिअर तेवढेच लांब होतात, म्हणजे इंजिनच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त पुढे जाते. पहिला गिअर ४, लो रेंज (कठीण वाटेसाठीचा जादा हळू गिअर) २.५ आणि अ‍ॅक्सल ४.३ असेल तर गुणाकार ४३ येतो. या टायरवर तो जुन्या हिशोबाने ४० च्या आसपास उतरतो. म्हणजे दगडांवरून मुंगीच्या पावलाने उतरताना इंजिन गाडीला आधीइतकं धरत नाही, आणि चढावर क्लच जास्त झिजतो. ब्रेकचंही तेच. डिस्क आणि पॅड तेच राहतात, चाकाची त्रिज्या वाढते, त्यामुळे पेडल तेवढंच दाबलं तर जमिनीवर मिळणारा जोर सुमारे ७ टक्क्यांनी घटतो. त्यात टायरचं वजन चाकामागे काही किलो जास्त, आणि तेही सगळं परिघावर, जिथे फिरवायला आणि थांबवायला सर्वांत जड.

स्पीडोमीटर आधी अचूक असेल तर तो १०० दाखवत असताना गाडी १०७ ने जाते. युनोच्या वाहन नियमावलीतला ३९ क्रमांकाचा नियम सांगतो की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये. म्हणून कंपन्या मीटर थोडं पुढे ठेवतात. ती सूट तुम्ही एका टायरबदलात खाऊन टाकता.

माझा सल्ला साधा आहे. माप कंपनीचंच ठेवा, नक्षी ऑल टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीची) घ्या, वाट धरली की हवा कमी करा. हवा कमी केली की टायर मुख्यतः लांबीत पसरतो आणि पकड तिथून मिळते. बहुतेक गाड्या अडकतात त्या पकड नसल्यामुळे. गोळा दगडावर टेकणं त्या मानाने क्वचित घडतं.

लोरेंज

सडकसूत्र, गिअर आणि ब्रेकचा हिशोब बरोबर आहे, तो नाकारता येणार नाही. पण शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. वाळू आणि गवताळ चढ एवढंच चालवणाऱ्याला ते लागू पडेल. ट्रॅक्टर आणि ट्रकनी दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पाडल्या की मधला उंचवटा थेट पोटाला लागतो. तिथे चाकं हवेत लोंबकळतात, मग पकड असून उपयोग काय? असल्या वाटेवर १२ मिमीचाही फरक पडतो.

आणि हवा कमी करायची तर उंच साइडवॉल हवीच. २४५/७० ची साइडवॉल १७१ मिमी आहे, २६५/७५ ची १९९. हवा कमी केल्यावर दबायला जितका जास्त रबर, तितकी रिम दगडापासून लांब. तुमच्याच सल्ल्याला मोठा टायर मदत करतो.

तेराचा_पाना

गॅरेजमध्ये काम करणारा म्हणून दोन गोष्टी.

लोक टायर बसवून आणतात, दुकानासमोर सपाट जागेवर गोल फिरवून बघतात, घासत नाही म्हणून खूश होतात. टायर घासतो तो तिथे नाही. एक चाक चढावर दबलेलं असताना स्टिअरिंग पूर्ण कापलं की टायर मागच्या बाजूला लायनरला (चाकाच्या कमानीतल्या प्लास्टिकला), कधी बॉडी माउंटला (बॉडी चेसिसला जोडलेल्या जागेला), आणि आतून अँटी-रोल बारला किंवा सस्पेन्शनच्या वरच्या आर्मला लागतो. तपासणी अशीच करायची: एक पुढचं चाक उंचवट्यावर चढवा, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा, दुसऱ्याने खाली वाकून बॅटरीच्या उजेडात बघावं. मग दुसरं चाक. ब्रेकच्या होजपाइपकडे खास लक्ष द्या. लायनर घासला तर प्लास्टिक जातं. पाइप घासला तर ब्रेक जातो.

दुसरं, ७ इंची रिमवर २६५/७५ म्हणजे त्या टायरला चालणारी रिमची खालची मर्यादा. बसतो, नियमात बसतो, पण काठावर बसतो. साइडवॉल फुगते, ट्रेडचा मधला भाग उचलला जातो आणि हवा जरा जास्त झाली की टायर मधूनच झिजतो. रस्त्यावर वळताना गाडी आधी टायरवर झुकते आणि मग वळते.

रानवाट

पाना, तुमचा दुसरा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. म्हणूनच मी रुंदी नको म्हणतो. २६५/७५ ऐवजी २३५/८५ आर१६ बघा. व्यास ८०६ मिमी, म्हणजे उंची जवळपास तीच, किंचित जास्तच. रुंदी ३० मिमीने कमी. ७ इंची रिमवर तो काठावर नाही, आरामात बसतो. आतल्या बाजूला आर्म आणि बारपासून लांब राहतो. पातळ चिखलात अरुंद टायर वरचा थर कापून खालच्या कठीण जमिनीपर्यंत पोचतो, रुंद टायर वरच तरंगत फिरत राहतो. लांब पल्ल्याच्या मोहिमांवर जाणारे लोक हे माप वर्षानुवर्षं वापरतात, ते काही दिसायला छान म्हणून नाही. खरं तर या टायरवर गाडी थोडी किडकिडीतच दिसते.

सडकसूत्र

३० मिमीचा फरक कागदावरचा आहे. टायरची छापील रुंदी ठरावीक मापाच्या रिमवर मोजतात. रिम अर्धा इंच बदलली की टायरची रुंदी सुमारे ५ मिमी बदलते. २६५/७५ मोजतात साडेसात इंची रिमवर, तुमच्या ७ इंचीवर तो २६० च्या आसपास येणार. २३५/८५ मोजतात साडेसहा इंचीवर, तो २४० होणार. उरला फरक २० मिमी, एका बाजूला १०. पानांनी सांगितलेली घासण्याची जागा बहुतेक वेळा लायनर आणि बॉडी माउंट असते, आणि तिथे टायरची उंची नडते. उंची तर तुम्ही वाढवलीच आहे.

वाळूबद्दल तुम्ही एक शब्द काढला नाहीत. मऊ वाळूत आणि खोल, तळ न लागणाऱ्या चिखलात अरुंद टायर कापत खाली जातो आणि खालीच राहतो.

चाकोरी

एक मुद्दा अजून कोणी काढला नाही, म्हणून लिहिते. २३५/८५ हा जवळजवळ नेहमी एलटी म्हणजे हलक्या ट्रकचा टायर असतो. कंपनीने साधा प्रवासी टायर दिला असेल तर दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरमधला हवेचा आकडा इथे लागू होत नाही. तेवढाच भार उचलायला एलटी टायरला जास्त हवा लागते. जुन्याच आकड्यावर गाडी महामार्गावर भरून पळवली तर टायर आतून तापतो, आणि उष्णता हाच टायर फुटण्याचा खरा रस्ता आहे. टायर कंपनीच्या भार-दाब तक्त्यातून आपल्या अ‍ॅक्सलवरच्या वजनाचा आकडा काढायचा, दोन पीएसआय इकडेतिकडे अंदाजाने नाही. साइडवॉलवर छापलेला कमाल दाब म्हणजे चालवायचा दाब, हा दुसरा गैरसमज. तेवढी हवा भरली तर गाडी दगडासारखी आपटते आणि ओल्या रस्त्यावर पकड जाते.

अवांतर: मोठा टायर लावल्यावर मायलेज पडलं अशी तक्रार सर्रास असते. त्यातला काही भाग खोटा असतो. ओडोमीटर १०० किमी दाखवतो तेव्हा गाडी १०७ चाललेली असते. आधी अंतर दुरुस्त करा, मग मायलेज काढा. तरीही घट उरतेच, फक्त कमी.

लोरेंज

चाकोरीताई, भार-दाब तक्त्याचा मुद्दा धाग्याच्या सुरुवातीलाच यायला हवा होता.

सडकसूत्र, वाळूचं मान्य. पण कंपनीच्या रिमची आणखी एक जमेची बाजू राहिली. हवा १५ पीएसआयपर्यंत उतरवली की भीती असते ती बीड (टायरची रिममध्ये अडकणारी कड) रिमवरून निसटण्याची. टायरच्या मानाने रिम अरुंद असेल तर साइडवॉल बाहेर फुगलेली राहते, रिमची कड झाकली जाते आणि बीड जास्त घट्ट बसून राहतो. रुंद रिमवर साइडवॉल ताणलेली असते, तिथे तिरप्या धक्क्यात बीड लवकर सुटतो. रस्त्यावर ती फुगलेली साइडवॉल त्रास देते हे पाना म्हणतात ते खरं, पण वाटेवर तीच कामी येते.

सडकसूत्र

ही बाजू पटली. टायर वाढवायचाच असेल तर रिम कंपनीची ठेवावी, इतपत मी रानवाटांबरोबर येतो. वाढवावा का, यावर माझं मत तेच आहे: २४५/७५ पर्यंत ठीक. तिथे फरक ३.३ टक्के, मीटर, ब्रेक, गिअर सगळं सांभाळता येतं, बहुतेक गाड्यांत काही कापावं लागत नाही. त्यापुढे जाणाऱ्याने अ‍ॅक्सलचा रेशो (गिअरचं प्रमाण) बदलण्याची तयारी ठेवूनच जावं. आणि घरातली इतर माणसंही हीच गाडी चालवत असतील तर ब्रेक लांबले आहेत हे त्यांना आधी सांगावं.

तेराचा_पाना

स्टेपनीचं कोणीच बोललं नाही. चार टायर मोठे आणि मागे जुनी स्टेपनी, असं मी बरंच बघतो. फोर व्हील ड्राइव्ह लावून कोरड्या घट्ट जमिनीवर अशी एक लहान चकती फिरवली तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि डिफ म्हणजे डिफरन्शियल एकमेकांशी भांडत बसतात, आणि तुटतं ते महागातलं. ज्या वाटेवर पंक्चर होणार तिथेच फोर बाय फोर लागणार, हे लक्षात घ्या. टायर घ्यायचे तर पाच घ्या. पाचवा जुन्या जागी बसतो का हेही आधी मोजा: पोटाखाली टांगलेला असेल तर एक्झॉस्टपासून अंतर, मागच्या दारावर असेल तर बिजागऱ्या. जड स्टेपनीने दार खाली झुकलेल्या गाड्या माझ्याकडे नेहमी येतात.

रानवाट

पाच टायर, शंभर टक्के सहमत. सडकसूत्र, ब्रेकचा मुद्दा मी हलका धरत नाही. पण ज्याची वाट खोल चाकोऱ्यांची आणि दगडांची आहे, त्याला मी अजूनही २३५/८५ च सुचवेन, आणि लो रेंज आधीच पुरेसा हळू असेल तर रेशो न बदलताही. वाळूवाल्याने २४५/७५ वर थांबावं. रिमला मात्र दोघांनीही हात लावू नये.