सुटी गोष्ट की अख्खं दप्तर? वॉर्साच्या ‘ओइनेग शाबेस’ संग्रहावरून

दप्तरी:
इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लूम यांनी नोव्हेंबर १९४० पासून वॉर्सा घेट्टोत (नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत) चोरून उभं केलेलं हे दप्तर सुमारे ३५,००० पानांचं. त्यातला फिरतो कोणता कागद? हे कागद लपवण्यासाठी डब्यांत भरून पुरताना १९ वर्षांच्या डाविद ग्राबरने लिहिलेला निरोप. वाचला, हळहळलो, पुढे पाठवला, झालं. प्रश्नावल्या, मुलांचे निबंध, ट्रामची तिकिटं कोण बघतो? संदर्भ तोडून गोष्ट छापूच नये.

ओसरी:
साफ असहमत. तो निरोप म्हणजे शोभेचा कागद नव्हे. डबे कोणी, कधी पुरले हे पुरणाऱ्यांच्याच निरोपांतून कळतं. साठेक सहकाऱ्यांपैकी जिवंत राहिले तिघे: राखेल आउअरबाख, हेर्श वासेर आणि ब्लुमा वासेर. हेर्शला जागा माहीत होती, म्हणून १८ सप्टेंबर १९४६ ला नोवोलिप्की ६८ च्या ढिगाऱ्यातून दहा डबे निघाले. गोष्ट वगळून हे सांगून दाखवा.

मोडीवाचक:
सांगा की, पण नीट. श्लामेकचं उदाहरण घ्या. खेल्म्नोच्या नाझी मृत्युछावणीत प्रेतं पुरायला लावलेला हा माणूस जानेवारी १९४२ मध्ये निसटून वॉर्सात आला. त्याची जबानी वासेर दांपत्याने उतरवली. तो अनेक वर्षं ‘याकुब ग्रोयानोव्स्की’ म्हणून छापला गेला. ते टोपणनाव. संशोधकांनी शोधलेलं नाव श्लामा बेर विनेर. त्यामुळे जुन्या पुस्तकातली आणि नव्या सूचीतली नावं दिसली की दोन वेगळे साक्षीदार मोजले जातात. शिवाय मजकूर यिडिशमध्येही (तिथल्या ज्यूंच्या भाषेत) आहे, पोलिशमध्येही. बोलणारा एक, लिहिणारे दुसरे, वर भाषांतर! बखर आणि अस्सल पत्र यांत फरक करणाऱ्या आपल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको.

ओसरी:
मान्य. पण प्रत्येक गोष्टीला सूची जोडली तर वाचणार कोण?

मोडीवाचक:
सूची नको, तीन ओळी पुरेत: मूळ की नक्कल, कोणी सांगितलं आणि कोणी उतरवलं, वेगवेगळ्या वेळी पुरलेल्या तीन भागांपैकी कोणत्या भागातलं. तिसरी ओळ लोक हमखास गाळतात. ऑगस्ट १९४२ चे पत्र्याचे डबे पाणी अडवणारे नव्हते. पाणी शिरलं, शाई फुटली, फोटो खराब झाले. फेब्रुवारी १९४३ चा ऐवज दुधाच्या दोन कॅनमध्ये होता. तो १ डिसेंबर १९५० ला बऱ्याच चांगल्या स्थितीत निघाला. आता छापील मजकुरातली रिकामी जागा पाण्याने गेली, की लेखकानेच काही सोडलं, की संपादकाने कात्री लावली? भाग कळल्याशिवाय अंदाजही बांधता येत नाही.

दप्तरी:
तीन ओळी चालतील, ‘छापूच नये’ मागे घेतो. एक तक्रार मात्र राहते. जे वाचता येतं त्यातूनच गोष्टी निवडल्या जातात, आणि तेवढाच घेट्टो असं चित्र उभं राहतं. स्वेंतोयेर्स्का ३४ ला पुरलेला तिसरा भाग तर सापडलेलाच नाही.

ओसरी:
मग ही चौथी ओळ. तीही लिहू.