घरात कुस्ती, पोरीला हवंय बॅडमिंटन: एका घरात दोन खेळ असावेत का?

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. आमच्या घरात महिनाभर एकाच विषयावरून वाद चाललाय, म्हणून इथं मांडतो. माझे वडील पैलवान. मी कॉलेजपर्यंत कबड्डी खेळलो, बायको खो-खोत जिल्ह्याच्या संघात होती. थोरला चौदा वर्षांचा, तीन वर्षं तालमीत जातोय. धाकटी अकराची, आणि तिला बॅडमिंटन खेळायचंय. वडील म्हणतात, महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी २०२३ ला आपल्या सांगलीतच झाली, किताबही आपल्याच प्रतीक्षा बागडीनं घेतला. मग घरची विद्या सोडून ते फूल कशाला मारत बसायचं?

माझं मत वेगळं आहे. तिनं दुसराच खेळ घ्यावा. उदाहरणही सांगलीचंच देतो. नंदू नाटेकर आपल्या सांगलीत जन्मले. १९५६ ला मलायात सेलंगोरची स्पर्धा जिंकली, परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. पण आधी ते टेनिस खेळायचे. ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले आणि मग बॅडमिंटनकडं वळले. बापानं सोडलेला तो खेळ पुढं मुलानं, गौरवनं, उचलला. डेव्हिस कप खेळला. १९९४ ला हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत दुहेरीचं सुवर्ण त्यानं लिअँडर पेसच्या जोडीनं जिंकलं. लिअँडरचे वडील वेस पेस १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधल्या हॉकीच्या ब्राँझविजेत्या संघातले, आई जेनिफर बास्केटबॉलमध्ये भारताची कर्णधार. म्हणजे एक पोरगा बॅडमिंटनच्या घरातला, दुसरा हॉकी-बास्केटबॉलच्या घरातला, आणि दोघं मिळून टेनिसचं सुवर्ण घेऊन आले.

हे मी का म्हणतोय तेही सांगतो. यंदा एका जत्रेच्या मैदानात थोरला चितपट झाला. हार-जीत चालायचीच. पण आखाड्याच्या कडेला बसलेल्या दोघा-तिघांनी त्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "ह्याच्या आजोबांनी ही कुस्ती सोडली नसती." घरी आल्यावर पोरगा अर्धा तास नळाखाली कानातली माती काढत बसला होता. जेवायला आत येईना. धाकटीच्या वाट्याला हे येऊ नये एवढंच मला वाटतं.

लाल माती

दादा, राग मानू नका, पण मला तुमचं पटलेलं नाही. मी पस्तीस वर्षं तालमीत आहे. ती माणसं बोलली ते चुकलंच, पण त्यासाठी खेळ बदलायचा म्हणजे रोग एकीकडं आणि औषध भलतीकडं. असल्या माणसांना तिथल्या तिथं गप्प करायचं काम वडीलधाऱ्यांचं असतं.

खाशाबा जाधव गोळेश्वरचे, कराडपासून हाकेच्या अंतरावर. वडील दादासाहेब पैलवान. घरातनं त्यांना डाव मिळाले, तशी सगळी रीतही मिळाली. पहाटे कधी उठायचं, खुराक किती, हरलेल्या पोराशी त्या रात्री काय बोलायचं नाही. १९४८ ला लंडनमध्ये सहावे आले. त्यानंतर हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तर राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. १९५२ ला ब्राँझ आलं. तुम्ही लिअँडरचं नाव घेतलंत. त्यानं १९९६ ला अटलांटात ब्राँझ जिंकलं तेव्हा खाशाबांनंतर तब्बल ४४ वर्षांनी भारताला ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक मिळालं. त्यातलं पहिलं पदक बापाच्याच खेळात उतरलेल्या पोराचं आहे, हेही मांडा की.

आणि आजचं बघा. आपली स्मृती मानधना माधवनगरची. वडील जिल्ह्यासाठी क्रिकेट खेळलेले, भाऊ श्रवण खेळायचा, त्याच्या मागं मागं ही मैदानावर गेली. संकेत सरगरनं २०२२ ला बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य आणलं, सुवर्ण एका किलोनं हुकलं. बहीण काजोलही वेटलिफ्टर. वडिलांची पानाची टपरी. त्या घरात दोन वेगवेगळे खेळ असते तर एका टपरीवर केवढी ओढाताण झाली असती, ह्याचा विचार करा.

दोन पोरांची आई, फलटण

लाल माती दादांनी टपरीचा मुद्दा काढला म्हणून लिहिते, कारण ही ओढाताण आमच्या घरात होऊन गेली. मुलगा धनुर्विद्येत, मुलगी पोहण्यात. दोघांचा सराव पहाटेचा. तलाव एका टोकाला, मैदान दुसऱ्या टोकाला, आणि घरात एक स्कूटी. स्पर्धेच्या दिवसात हे एका गावाला, मी दुसऱ्या. त्यात मुलाचा धनुष्याचा सेट, बाण, त्याचं सामान लाखाच्या पुढं गेलं. दोन वर्षांनी एक खेळ बंद करायची वेळ आली. तो मुलीचा बंद झाला. तेव्हा आम्ही म्हणालो, मुलाचा खर्च करून झालाय, तो वाया नको जायला. तिचा पोहायचा चष्मा अजून दाराच्या खिळ्याला आहे.

विश्रामबागकर दादा, तुमच्या विचाराला माझा विरोध नाही. पण पेस आणि नाटेकरांची उदाहरणं शहरातल्या, क्लबमध्ये वावरलेल्या घरांची आहेत. आपल्याकडं पैसा कमी पडला की आधी कोणाचा खेळ थांबतो ते सगळ्यांना माहीत आहे. निदान एकच खेळ असता तर माझी लेक भावाबरोबर त्याच मैदानावर राहिली असती. आधी हे ठरवा की पैसा कमी पडला तर थांबायचं कोणी. ते ठरवून मग रॅकेट घ्या.

माणदेशी मास्तर

माण तालुक्यात बावीस वर्षं खेळाचा शिक्षक आहे. दोन्ही बाजू वारसा वारसा म्हणताहेत, म्हणून जरा आडवं बोलतो.

शरीर आई-बापाकडून येतं, खेळ येत नाही. पी. व्ही. सिंधूचे आई-वडील दोघं व्हॉलीबॉलपटू. वडील रमणा १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत ब्राँझ जिंकलेल्या संघात होते. पोरीला तिथून उंची मिळाली आणि वरून हाणायची ताकद मिळाली. ती तिनं नेटच्या दुसऱ्याच खेळात वापरली. हे एक झालं. दुसरं, आमच्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत धावली, दहावी आली. सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियोला तिरंदाजीत गेला. आई-बाप मजुरी करणारे, आणि पोरगं आधी तिरंदाज नव्हतंच, धावायचं. क्रीडा प्रबोधिनीत गेल्यावर हातात धनुष्य आलं. ही पोरं दुष्काळी गावांतून वर आली, तेव्हा कुठल्या घराण्याचा हात पाठीवर होता?

माझा अनुभव असा की बाराव्या वर्षापर्यंत पोराला एका खेळात डांबूच नये. मी सहावीच्या पोरांना वर्षभर सगळं खेळवतो. दोर, लंगडी, खो-खो, चेंडू. चेंडू वर असताना पोराची नजर कुठं जाते ते बघतो. काही जण चेंडूकडं बघतात, काही जण समोरच्या पोराच्या पायाकडं. पायाकडं बघणारा बहुतेक कबड्डीत नाहीतर कुस्तीत चांगला निघतो. अकरा वर्षांच्या पोरीचं आयुष्य ठरवायला आजोबा आणि बाप दोघंही घाई करताहेत, असं मला वाटतं.

लाल माती

मास्तर, नजरेचं बरोबर बोललात, आम्हीही तेच बघतो. पण बाराव्या वर्षापर्यंत थांबायचं म्हणाल तर पटत नाही. युवराज सिंगचं उदाहरण घ्या. लहानपणी स्केटिंगमध्ये पदकं जिंकायचा. वडील योगराज स्वतः भारताकडून कसोटी खेळलेले. त्यांनी ते पदक फेकून दिलं आणि क्रिकेटला लावला. कठोर होतं, मान्य. पण २०११ च्या विश्वचषकात मालिकावीर कोण होता? बापाला त्याचा खेळ कळत होता, म्हणून पोरात काय आहे ते त्याला दिसलं. बॅडमिंटनमध्ये धाकटीत काय आहे ते तुमच्या घरात कोणाला दिसणार?

विश्रामबागकर

वस्ताद, युवराजचं नाव आपल्याला माहीत आहे कारण तो पोचला. बापानं पदक फेकलं आणि पोरगं दोन्ही खेळांतून गेलं, अशी घरं आपल्या जिल्ह्यात नाहीत का? त्यांची नावं इथं कोणी लिहिणार नाही.

फलटणच्या ताई, तुमचं वाचून रात्री आम्ही दोघं हिशेबाला बसलो. पिसांचं एक फूल जोरात खेळलं तर एका गेममध्ये फाटतं, म्हणून सुरुवात नायलॉनवर करायची. थोरल्याच्या बदाम-दुधाला हात लावायचा नाही, आणि तिच्या फीला तर अजिबात नाही. कमी पडलं तर माझी गाडी बदलायची पुढं ढकलायची. हे वहीत लिहून ठेवलंय आणि खाली दोघांची सही केलीय.

अजिंक्यतारा

मी बावीस वर्षांची आहे, साताऱ्याची. ह्या चर्चेत त्या पोरीच्या जागेवर उभी राहिलेली मी एकटीच दिसते, म्हणून लिहिते.

बाबा कबड्डीचे नावाजलेले चढाईपटू. मी सतरा वर्षांपर्यंत कबड्डी खेळले. बाबांनी कधी मारलं नाही की ओरडले नाहीत. पण चढाई करून परत आले की मी आधी त्यांच्या तोंडाकडं बघायची आणि मग गुणफलकाकडं. गाडीतून घरी येईपर्यंत ते सांगत राहायचे. पाय असा टाकायला हवा होता, बोनस सोडायला नको होता. सगळं खरंच असायचं. मला ते ऐकून झोप लागायची नाही.

मग मी धावायला लागले. आता बाबा पहाटे यवतेश्वरच्या घाटात माझ्या मागं दुचाकीवर असतात, पाण्याची बाटली घेऊन. पहिल्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "चढाला श्वास कसा घेतेस गं?" कबड्डीच्या आठ वर्षांत त्यांनी मला एक प्रश्न विचारला नव्हता. त्यांना सगळं माहीत होतं, मग विचारतील कशाला? धावपटू मिल्खा सिंगांचा मुलगा जीव गोल्फमध्ये गेला, त्याची आई निर्मल कौर व्हॉलीबॉलची कर्णधार होती. त्या घरातही आई-बापांनी पोराला असे प्रश्न विचारले असतील, असं मला नेहमी वाटतं.

लाल माती काका, तुम्ही म्हणता बापाला कळत असलं तर पोरात काय आहे ते दिसतं. माझ्या बाबांना कबड्डी कळत होती. त्यांना माझ्यात ते स्वतःच दिसायचे.

माणदेशी मास्तर

पोरी, हे मी माझ्या शाळेच्या पालकसभेत वाचून दाखवणार आहे. चालेल ना?

अजिंक्यतारा

चालेल सर. बाबांचं नाव तेवढं घेऊ नका. त्यांना वाईट वाटेल.

लाल माती

दोन दिवस काही लिहिलं नाही. माझा धाकटा पोरगा तालीम सोडून गेला त्याला चार वर्षं झाली. तो काय खेळतो ते मला कळतं, पण मी अजून बघायला गेलेलो नाही. एवढंच सांगतो.

माझं मत फार बदललंय असं नाही. कुस्तीनं जे अंग तयार होतं ते दुसऱ्या कशानं होत नाही. आणि दोन खेळांचा खर्च हा मुद्दा ताईंनी मांडला तसाच्या तसा खरा आहे. पण विश्रामबागकर दादा, धाकटीला महिनाभर पहाटे तालमीत पाठवा. माती नको, नुसता दोर आणि बैठका. मनगट आणि पोटऱ्या घट्ट झाल्या तर तिच्या त्या फुलालाही जोर येईल. पैसे घ्यायचे नाहीत. कुस्तीचं मी तिच्याशी एक अक्षर बोलणार नाही.

विश्रामबागकर

वस्ताद, सोमवारपासून पाठवतो. थोरल्याबरोबरच येईल. तिची शाळा सातची आहे, सव्वासहाला सोडाल ना?

लाल माती

सहालाच सोडतो. येताना केस बांधून यायला सांगा.