'निगेटिव्ह स्पेस'ला मराठीत काय म्हणावं?

सोनकी: कासच्या फुलांवरच्या पुस्तिकेसाठी क्लोजअपच्या रचनेवरचं प्रकरण मराठीत करते आहे. 'निगेटिव्ह स्पेस'पाशी, म्हणजे चौकटीत मुख्य विषयाभोवती सोडलेल्या जागेपाशी, अडले. मी 'मोकळी जागा' लिहिलं, तपासणाऱ्यांनी ते खोडून 'ऋण अवकाश' केलं. वाक्य असं ('सीतेची आसवं' हे फुलाचं नाव): 'सीतेची आसवं चौकटीच्या कोपऱ्यात घ्या, बाकी ___ राहू द्या.'

घाटवाट: 'मोकळी जागा'च ठेवा. ऋण वाचून कर्ज नाहीतर वजाबाकी आठवते.

तिपाई: पण ती मोकळी असते कुठे? १:१ ला, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटते तेव्हा, लेन्सचं छिद्र एफ-८ इतकं बारीक केलं तरी जेमतेम १ मिलिमीटर स्पष्ट येतं. मागचं गवत, शेजारची फुलं सगळं तिथेच असतं, फक्त विरघळलेलं. तेही जुळवावंच लागतं. मागे एखादं वाळकं पांढरं पातं राहिलं की नजर फुलावर ठरतच नाही. कॅमेरा दोन बोटं सरकवला की ते पातं फुलाआड जातं. एवढ्या खटपटीने मिळवलेल्या जागेला 'मोकळी' म्हणणं मला पटत नाही.

जुनी_पेटी: इंटरमिजिएटच्या स्थिरचित्राला आमचे सर सांगायचे, घडा नका काढू, घड्याभोवतीची जागा काढा. म्हणून 'भोवताल' सुचवतो.

सोनकी: छान आहे! पण पुस्तिकेत 'किड्याचा भोवताल' अधिवासाच्या अर्थाने आधीच आलाय.

घाटवाट: मग 'बोके' घ्या. जपानी शब्द इंग्रजीने जसाच्या तसा उचलला, आपणही उचलू.

तिपाई: बोके वेगळं हो. बोके म्हणजे धूसरपणाचा पोत, आणि हा प्रश्न जागेच्या वाटणीचा. फ्लॅश मारून मागचं सगळं काळं केलेल्या फोटोत बोके नसतं, निगेटिव्ह स्पेस मात्र भरपूर असते.

अक्षरशः: पोत कापडाचा नि मातीचा, धूसरपणाला कसला पोत? आणि 'फोटो' कशाला? प्रकाशचित्र म्हणा. ग्रीक मुळातही प्रकाशाने रेखाटणंच आहे. 'छायाचित्र' तर थेट उलटा शब्द.

जुनी_पेटी: उलटा कसा? संस्कृतात छाया म्हणजे नुसती सावली नव्हे, प्रतिबिंबही आणि कांतीही. शिवाय शब्द रुळलाय.

अक्षरशः: रुळला म्हणजे नेमका झाला असं नाही. क्लोजअपच्या एकाच कामाच्या लेन्सला निकॉन 'मायक्रो' म्हणते, कॅनन 'मॅक्रो'. दोन्ही रुळलेत.

सोनकी: मंडळी, मजकूर छपाईला जायचाय. 'बाकी चौकट शांत राहू द्या' असं केलं तर?

तिपाई: फुलासाठी उत्तम. पण धावत्या मुंगीच्या पुढ्यात सोडलेली जागा शांत नसते, ती कुठे निघालीय ते त्या जागेतच दिसतं. त्या पानावर काय लिहाल?

अक्षरशः: छायेचा 'कांती' हा अर्थ कुठल्या कोशात आहे?

जुनी_पेटी: आपट्यांच्या संस्कृत कोशात. आता मराठीत 'प्रकाशचित्र' रोजच्या बोलण्यात कोण म्हणतं, ते तुम्ही सांगा.