मदत हवी आहे: मनातली संख्या ओळखण्याचे खेळ 'क्ष' न वापरता मुलांना कसे समजवायचे?

नमस्कार मंडळी,

२२ डिसेंबरला, म्हणजे रामानुजन यांच्या जन्मदिनी, राष्ट्रीय गणित दिवस असतो. त्यानिमित्त आमच्या इथल्या वाचनालयात पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी तासभराचा कार्यक्रम माझ्याकडे आलाय. विषय मीच सुचवला, मनातली संख्या ओळखणे. आधी खेळ दाखवायचा आणि मग तो कसा चालतो तेही सांगायचं. माझा सगळा जोर दुसऱ्या भागावर आहे. 'त्या काकूंना मनातलं कळतं' असं सांगत मुलं घरी गेली, तर मला ते अजिबात आवडणार नाही.

सोपा खेळ जमतो. मनात एक संख्या धरा, दुप्पट करा, ८ मिळवा, निम्मं करा, धरलेली संख्या वजा करा. उत्तर ४. इथे मी गोट्या घेऊन बसते. मनातली संख्या म्हणजे तोंड बांधलेली गोट्यांची पिशवी. दुप्पट केलं की दोन पिशव्या, शेजारी ८ सुट्या गोट्या. निम्मं केलं की एक पिशवी आणि ४ गोट्या. पिशवी उचलून बाजूला ठेवली की उरल्या ४. पिशवीत किती गोट्या होत्या हे विचारायची वेळच येत नाही. पाचवीतल्या मुलालाही हे पटतं.

अडलंय ते १०८९ पाशी. तीन अंकी संख्या घ्या, उलटी करा, मोठीतून लहान वजा करा. आलेलं उत्तर उलटं करून त्यातच मिळवा. ७४२ वजा २४७ बरोबर ४९५, आणि ४९५ अधिक ५९४ बरोबर १०८९. पण भाचीने ५७४ घेतली. ५७४ वजा ४७५ म्हणजे ९९, उलटे केले तरी ९९च, बेरीज १९८. ती म्हणाली, "मावशी, चुकलं तुझं." बीजगणिताने १०८९ सिद्ध करता येतं, पण या मुलांनी 'क्ष' अजून पाहिलेला नाही. तर दर वेळी १०८९च का येतं हे फक्त एकक-दशक-शतकाच्या भाषेत कसं सांगायचं? आणि ५७४चं काय करायचं?

प्रतिसाद

ताई, सगळी गंमत ९९च्या पाढ्यात आहे. शतकाच्या घरातला १ उचलून एककाच्या घरात ठेवला की १०० चा १ होतो, म्हणजे ९९ गेले. एककातला १ शतकात नेला की ९९ आले. ७४२ उलटताना ७ खाली आला आणि २ वर गेला. सात वेळा ९९ गेले, दोन वेळा ९९ परत आले, एकूण पाच वेळा गेले. ५ × ९९ = ४९५. मधला ४ जागचा हललाच नाही, त्यामुळे त्याचा वजाबाकीशी संबंधच येत नाही.

आता मुलांकडून ९९चा पाढा फळ्यावर लिहून घ्या: ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. मूळ संख्या कोणतीही असो, वजाबाकी या नऊपैकीच एक. यातलं साम्य मुलांनाच शोधू द्या, तुम्ही सांगू नका. मधे नेहमी ९, आणि कडेच्या दोघांची बेरीजही ९. मग उलटी संख्या मिळवताना एककात ९ येणारच. दशकात ९ अधिक ९ म्हणजे १८, आठ लिहिले, हातचा १. शतकात ९ आणि हातचा मिळून १०. झाले १०८९.

तुमच्या भाचीची वजाबाकी बरोबरच आहे. फक्त ९९ हे ०९९ असं लिहायचं, म्हणजे उलटल्यावर ९९० होतात आणि बेरीज १०८९ येते. कागदावर तीन चौकोन आखून द्या आणि तिन्ही भरायला सांगा. आणि पहिला-शेवटचा अंक सारखा नको. ३४३ घेतली तर वजाबाकी शून्य.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. एक खेळ माझ्याकडून. कितीही मोठी संख्या घ्या, तिच्यातून तिच्याच अंकांची बेरीज वजा करा, उत्तरातला एक अंक खोडा आणि उरलेल्यांची बेरीज मला सांगा. ५२८३ मधून १८ गेले, ५२६५. सहा खोडला, बेरीज १२. पुढची ९च्या पाढ्यातली संख्या १८, म्हणून खोडलेला अंक ६. प्रत्येक हजारातून, शेकड्यातून, दहातून एकेक काढला की ९९९, ९९, ९ उरतात, एवढंच त्यामागचं कारण. शून्य खोडायला मात्र आधीच मनाई करा, नाहीतर ० की ९ हे कळत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! पाढा मुलांकडून लिहून घेण्याची कल्पना फारच आवडली. आणखी एक विचारते. आपल्या देवळालीच्या कापरेकर गुरुजींचा ६१७४ शेवटी घ्यावा असं फार मनात आहे. तोही असाच उलगडतो का?

प्रतिसाद

जरूर घ्या, पण तो असा एका झटक्यात उलगडत नाही. चार अंक उतरत्या क्रमाने लावायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, आणि हेच पुन्हा पुन्हा. ३५२४ घ्या: ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७. ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. पुढे ६१७४च येत राहते. इथेही ०३७८ मधलं शून्य सांभाळायचं. चारही अंक सारखे नसले की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत पोचतोच. कापरेकरांनी हे १९४९ मध्ये शोधलं, शाळेत शिकवता शिकवता.

पहिल्या वजाबाकीची उत्तरं फक्त ५४च असू शकतात, कारण ती दोनच फरकांवर ठरते: सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला. ती ५४ मुलांत वाटून द्या. प्रत्येकाने आपापली संख्या ६१७४ पर्यंत नेली की तपासणी पूर्ण झाली.

धागाकर्ती

हे तर अगदी हवं तसं झालं, मुलं स्वतःच पडताळून बघतील. ५४ संख्यांची यादी कोणाकडे तयार आहे का? नसेल तर मी बसून काढते आणि इथेच टाकते, जमल्यास कोणीतरी एकदा नजर घाला.