मैत्रिणीने आईसाठी प्रार्थना करायला सांगितलंय, आता विश्वासाबद्दल बोलू की गप्प बसू?

जैतून:
सगळ्यांना प्रभूच्या नावात सलाम. जरा गोंधळलेय म्हणून विचारतेय. माझी एक जवळची मैत्रीण आहे, कॉलेजपासूनची, ती ख्रिस्ती नाही आणि देवधर्म या विषयात तिला फारसा इंटरेस्टही नाही. मी चर्चला जाते हे तिला माहितीये पण त्यावर आमचं कधी बोलणं झालं नाही, विषयच निघाला नाही. तिची आई सध्या आयसीयूमध्ये आहे. काल रात्री तिचा मेसेज आला, "तू ती प्रार्थना करतेस ना, त्यात माझ्या आईचं नाव घेशील का". बास, एवढंच. मी "हो नक्की" लिहिलं आणि प्रार्थना केलीही.

आता आमच्या बायबल स्टडीतल्या एका काकूंचं म्हणणं असं की हे दार देवानेच उघडलंय, आत्ताच सुवार्ता म्हणजे येशूचा संदेश सांग, त्याबद्दलची एखादी छापील पत्रिका दे, पुन्हा अशी वेळ येणार नाही. मला ते ऐकून कसंतरीच झालं. आई व्हेंटिलेटरवर आणि मी तिला तारणाबद्दल, म्हणजे येशू पापातून कसा सोडवतो ते सांगत बसले तर तो तिच्या अडचणीचा फायदा घेणं नाही का? पण मग असंही वाटतं की मी काहीच बोलणार नसेन तर तिने मलाच का विचारलं असेल? तुम्ही काय केलं असतं? (बायबलमधल्या वचनांची नुसती यादी देऊ नका प्लीज, ती काकूंनी दिलीये :))

बर्णबा_दादा:
तिने प्रार्थना मागितलीये ना, मग आधी ती नीट कर. नीट म्हणजे तिला विचार की आईचं नाव काय, नेमकं काय चाललंय, कशासाठी प्रार्थना करू. ती म्हणेल ताप उतरू दे, किंवा असं काहीतरी म्हणेल जे तुला कळलंच नसतं, की बाबा रात्री जेवत नाहीत, त्यांच्यासाठी कर. तिला चालणार असेल तर फोनवर तिच्यासोबतच दोन वाक्यांत प्रार्थना कर, पण आधी विचारून, नको म्हणाली तर नको. आणि साध्या भाषेत हां. "हे सर्वसमर्थ स्वर्गीय पित्या आम्ही तुझ्या कृपासनाजवळ" वगैरे सुरू केलंस तर ती बिचारी फोन धरून नुसती हं हं करत राहील.

एक मात्र अजिबात करू नकोस, बरं होण्याची गॅरंटी देऊ नकोस. "विश्वास ठेव, आई उठून बसेल" असं बोलून मोकळे होणारे आपल्यात खूप आहेत आणि मला त्यांचा राग येतो, कारण बायबलच तसं म्हणत नाही. येशूचा प्रेषित पौल, त्याने शरीरातला काटा, म्हणजे त्याचं एक दुखणं, निघावा म्हणून देवाला तीनदा विनवणी केली, निघाला नाही, माझी कृपा तुला पुरे असं उत्तर आलं. त्रफिम या सोबत्याला तो मिलेत शहरात आजारी असतानाच सोडून आला. तीमथ्य या तरुण सहकाऱ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जा असं कळवलं. ज्याच्या हातून कितीतरी आजारी बरे झाले त्या माणसाची ही पत्रं आहेत, मग आपण कुठल्या तोंडाने शब्द देणार? आणि उद्या आई गेलीच तर "माझा विश्वास कमी पडला" हे त्या मुलीच्या डोक्यात कायमचं बसेल. बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आठव. सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून होते, एक शब्द बोलले नाहीत, तोवर उत्तम चाललं होतं. तोंडं उघडली आणि सगळं बिघडलं.

मोहरीचा_दाणा:
दादा बरोबर बोलले पण मला भीती उलटी वाटते. "माझं जीवन हीच माझी साक्ष" म्हणायचं आणि वर्षानुवर्षं तोंडच उघडायचं नाही, असे आपल्यात कमी आहेत का? जीवन बघून लोकांना एवढंच कळतं की ही मुलगी चांगली आहे. येशूबद्दल काय कळतं? ऐकलंच नाही तर विश्वास कसा ठेवतील, हे पौलाने रोमच्या मंडळीला उगाच नाही विचारलं. काकूंवर चिडू नकोस, कळकळ खरी आहे त्यांची, फक्त घाई झालीये.

सुवार्ता सांगणाऱ्या फिलिप्पाचं बघ, बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८. एक कूशी (आफ्रिकेतला) अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतोय. फिलिप्प धावत गेला, पण पहिलं वाक्य काय, तर प्रश्न, वाचताय ते समजतंय का? मग त्या माणसानेच वर बोलावून शेजारी बसवलं आणि तो जो उतारा वाचत होता तिथूनच फिलिप्पाने सुरुवात केली, आपला तयार केलेला मेसेज नाही काढला. धावायचं, पण बोलावल्याशिवाय रथात चढायचं नाही. तुझ्या मैत्रिणीने बोलावलंय असं मला तरी वाटतं, निदान पायरीपर्यंत.

फक्त_वाचक:
मी ख्रिस्ती नाही, कुठलाच धर्म मानत नाही, इथे कधीतरी वाचायला येतो. पलीकडच्या बाजूने सांगतो. माझे बाबा आजारी होते तेव्हा ऑफिसमधला एक ख्रिस्ती कलीग म्हणाला की मी रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करतोय. मला त्यात काही वाटत नाही, पण कोणीतरी रोज बाबांचं नाव घेतंय म्हटल्यावर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि तो नंतर विचारायचा, "ती क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) कमी झाली का?" शब्द लक्षात ठेवला होता त्याने, आमच्या नातेवाईकांना ठेवता आला नाही.

दुसरे एक ओळखीचे आले, कॉटजवळ उभे राहून बाबांनाच विचारलं, मेल्यावर कुठे जाणार याचा विचार केलाय का. बाबा हसले. आई उठून बाहेर गेली. त्या गृहस्थांना परत आमच्याकडे कोणी बसा म्हटलं नाही.

बाबा गेल्यावर कलीगने माझ्यासोबत बसून इन्शुरन्सचे फॉर्म भरले. बऱ्याच काळाने मीच त्याला विचारलं की बाबा रे तू हे सगळं का मानतोस. त्याने सांगितलं, मी शेवटपर्यंत ऐकलं, नाही पटलं, अजूनही नाही पटत. त्याने वागणं बदललं नाही. बदललं असतं ना, तर मला कळलं असतं की इतके दिवस मी मित्र नव्हतो, टार्गेट होतो. बस्स.

जैतून:
@फक्त_वाचक खूप आभार, हे कोणीतरी सांगायला हवं होतं. पण समजा तिने मला असं विचारलं तर मी सांगू काय? मी जन्मापासून चर्चमध्ये, संडे स्कूल वगैरे सगळं केलेलं. लोकांच्या साक्षी, म्हणजे विश्वासात कसे आले त्याच्या गोष्टी, असतात दारू सुटली, तुरुंगात बायबल मिळालं. माझ्याकडे स्टोरीच नाही.

लिहिते_हात:
अगं तीमथ्याकडे तरी कुठे होती? आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून आलेला विश्वास, पौल कौतुकाने लिहितो त्याबद्दल. पौलासारखे दिमिष्काच्या वाटेवर येशूचं दर्शन होऊन सगळेच पडत नाहीत.

तू काय कर, एका कागदावर लिहून काढ की तुला स्वतःला शेवटची खरी भीती कधी वाटली होती आणि तेव्हा तू देवाला काय म्हणालीस. अगदी शब्दशः, "मला काही सुचत नाहीये, तू बघ" असं म्हणाली असशील तर तसंच. त्यानंतर काय झालं, काय झालं नाही, दोन्ही लिही. आणि मग येशूचं नाव त्यात कुठे येतं ते बघ, कारण ते आलंच नाही तर ती साक्ष नाही, नुसती धीराची गोष्ट. मग मोठ्याने वाच आणि चर्चच्या बाहेर कोणी बोलत नाही असा प्रत्येक शब्द खोड. "येशूच्या रक्ताने धुतले गेले" हे आपल्याला गोड वाटतं, आयसीयूच्या बाहेर बसलेल्या माणसाला नाही. दोन-तीन मिनिटांत संपायला हवं.

तिने अवघड विचारलं, की मग देव माझ्या आईलाच का असं करतो, तर "मला माहीत नाही" म्हणायला लाजू नकोस. योहानाच्या शुभवर्तमानात, अध्याय ९, येशूने दृष्टी दिलेल्या त्या आंधळ्या माणसाला परूश्यांनी (कडक यहूदी धर्मपुढाऱ्यांनी) किती उलटसुलट विचारलं, येशू पापी आहे की नाही मला ठाऊक नाही म्हणाला, मी आंधळा होतो आणि आता दिसतंय एवढं ठाऊक आहे. पुढे काय होतं ते तुझ्या हातात नाहीच. कृत्ये २६ मध्ये पौलाने अग्रिप्पा राजासमोर इतकी सुरेख साक्ष दिली तर रोमी सुभेदार फेस्त ओरडला की तुला वेड लागलंय, आणि राजाने एका वाक्यात टोलवून लावलं. त्या सभेत कोणी विश्वास ठेवल्याचं लिहिलेलं नाही.

बर्णबा_दादा:
एक राहिलंच. तिच्या आईचं नाव, आजार, हॉस्पिटल यातलं काहीही चर्चच्या प्रार्थना ग्रुपवर टाकू नका तिला विचारल्याशिवाय. विनंती म्हणून सुरू होतं आणि संध्याकाळपर्यंत अनोळखी लोकांचे फोन सुरू होतात. इथेही नाव लिहू नकोस, आम्ही नावाशिवायच प्रार्थना करतो, देवाला पत्ता बरोबर सापडतो.

जैतून:
दादा, तुम्ही लिहायच्या आधीच काकूंनी टाकलं होतं ग्रुपवर. काढायला लावलंय, त्या जरा रुसल्यात.

मैत्रिणीला मेसेज केला की नेमकं काय मागू. तिने आईचं नाव पाठवलं, मग बऱ्याच वेळाने "आणि मला थोडी झोप लागू दे". विचारून फोन केला, दोन वाक्यंच झाली. ती मध्येच म्हणाली, "थांब, आमेन मी पण म्हणायचं असतं का?" मी म्हटलं, वाटलं तर म्हण. पत्रिका काही दिलेली नाही. कागद लिहायला घेतलाय, बरीच खाडाखोड चाललीये. उद्या तिच्यासोबत वेटिंगमध्ये बसतेय, तिने स्वतःहून विषय काढला तर बोलेन.